बिघडत चाललेल्या एक्स्टर्नल हार्ड डिस्कमधून डेटा कसा काढायचा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न आमच्याकडं व्हॉट्सॲपवर सतत येतात. कधी सोलापुरातल्या नवी पेठेतल्या फोटो स्टुडिओतून, कधी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कारखान्याच्या ऑफिसातून, कधी बार्शी-मोहोळहून. पहिला मेसेज येतो तोवर डिस्कवर बहुतेकांचे दोन-तीन प्रयोग उरकलेले असतात, आणि खरं नुकसान पुष्कळदा त्या प्रयोगांनीच केलेलं असतं. म्हणून तुमची डिस्क आत्ता लावलेली असेल आणि कॉपी चालू नसेल, तर आधी काढून ठेवा, मग वाचा. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. दुसऱ्या उत्तराची गरज असेल तिथं त्याचा नंबर दिला आहे.

१. डिस्क लावली की लाईट लागते, पण ‘धिस पीसी’मध्ये दिसंना. डेटा गेला का?

लगेच तसं समजू नका. आधी केबल बदला. यूएसबी ३ च्या पोर्टेबल डिस्कला जी चपटी, रुंद, दोन भागांची पिन असते ती लवकर सैल होते. केबल लावूनच डिस्क बॅगेत कोंबणाऱ्यांची तर हमखास. केबल दुसरी, पोर्ट दुसरं, मध्ये हब नको, आणि डेस्कटॉप असेल तर कॅबिनेटच्या मागचं पोर्ट वापरा. यूएसबी २ पोर्ट ५०० मिलिॲम्पिअर देतं, यूएसबी ३ पोर्ट ९००. जुन्या पोर्टवर डिस्क फिरायला लागून लगेच बंद पडत असेल तर वीज कमी पडत असण्याची शक्यता मोठी.

तरीही दिसली नाही तर विंडोजमधलं ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडा. तिथं डिस्क पूर्ण साइजसह दिसते आणि फक्त ड्राइव्हचं अक्षर नाही, असं असेल तर अक्षर द्या, काम झालं. साइज बरोबर पण ‘रॉ’ लिहिलंय, तर प्रश्न ४ बघा. ‘नॉट इनिशियलाइज्ड’ लिहिलंय आणि साइजच दाखवत नाही, तर बिघाड डिस्कच्या आत आहे. अशा वेळी ‘इनिशियलाइज करू का?’ अशी खिडकी येते. ती कॅन्सल करा.

२. डिस्क जाणार आहे हे आधी कळतं का?

बहुतेक वेळा कळतं, पण आपण मनावर घेत नाही. फोल्डर उघडायला मिनिटभर लागतं. कॉपी एका ठरावीक फाइलवर येऊन अडकते. ‘सायक्लिक रिडंडन्सी चेक’ असा एरर येतो. डिस्क मधेच गायब होऊन ‘टुंग’ करत परत येते. लावल्यावर अख्खा कॉम्प्युटरच गपगार होतो आणि डिस्क काढली की पुन्हा चालायला लागतो.

क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर उघडून तीन ओळी बघा: ०५ (बदललेले सेक्टर; सेक्टर म्हणजे डिस्कवरचा डेटा साठवायचा छोटा कप्पा), सी५ (वाचता न येऊन ताटकळलेले सेक्टर) आणि सी६ (दुरुस्त न होणारे सेक्टर). सी५ मध्ये शून्यापेक्षा जास्त आकडा दिसला आणि तो दर वेळी वाढत असेल, तर डेटा त्याच दिवशी हलवा. ‘रॉ व्हॅल्यूज’चा (मूळ आकड्यांचा) रकाना तिथं मुळात हेक्साडेसिमलमध्ये, म्हणजे सोळाच्या पटीतल्या मोजणीत असतो, त्यामुळं ‘ए’, ‘एफ’ अशी अक्षरं बघून गोंधळू नका. सी७ वाढत असेल तर दोष बहुधा केबलचा.

वर हिरव्या रंगात ‘गुड’ लिहिलंय म्हणून मात्र निर्धास्त राहू नका. डिस्क स्वतःबद्दल जे सांगते तेवढंच ते सॉफ्टवेअर दाखवतं, आणि काही स्वस्त केसिंगमधून तर ही माहिती बाहेर येतच नाही.

३. आतून टक-टक आवाज यायलाय. काय करू?

बंद करा. आत्ता, लगेच. चांगल्या डिस्कचा आवाज म्हणजे हलकी घरघर आणि अधूनमधून बारीक टिकटिक. एका लयीत ‘टक... टक... टक’ आणि मग फिरणंच थांबणं, म्हणजे हेड (आतल्या फिरत्या चकतीवरून डेटा वाचणारा भाग) आपली जागा शोधतंय आणि त्याला ती सापडत नाहीये. हेड खराब असेल तर चकतीवर ओरखडे पडायची भीती असते, आणि ओरखडा पडला तिथला डेटा जगात कुणालाच परत आणता येत नाही.

टक-टकऐवजी बारीक ‘बीऽप’ किंवा गुणगुण येत असेल आणि डिस्क फिरतच नसेल, तर हेड चकतीला चिकटलेलं असू शकतं किंवा मोटर जाम झालेली असते. कमी वीज मिळाली तरी असाच आवाज येतो, म्हणून फक्त एकदा चांगल्या केबलनं आणि यूएसबी ३ पोर्टवर लावून बघा. फरक नाही पडला तर या दोन्ही तक्रारींना सॉफ्टवेअरचा उपाय नाही. थेट प्रश्न १४ वर जा.

४. ‘यू नीड टू फॉरमॅट द डिस्क’ असं विचारतंय. करू का?

नाही. कॅन्सल. विंडोजला फाइल सिस्टम (कुठली फाइल कुठं आहे याची डिस्कवरची मांडणी) वाचता आली नाही की ते इतकंच विचारतं; ‘रॉ’ लिहून येतं ते त्यामुळंच. आत तुमच्या मुलीच्या बारशाचे फोटो आहेत की काहीच नाही, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. डेटा बहुधा जागेवरच आहे, वाट हरवली आहे. डिस्कचा आवाज आणि वेग ठीक असेल तर प्रश्न ७ मधली इमेज करा आणि मग ८ कडे जा. फॉरमॅट आधीच करून बसला असाल तर ९.

५. ओळखीचा एक जण म्हणतोय, चेकडिस्क मारा, ठीक होईल. खरंय का?

‘डिस्क’ ठीक होईल कदाचित, डेटाची हमी नाही. चेकडिस्क हे विंडोजमधलंच डिस्क तपासायचं साधन; त्याचं काम फाइल सिस्टम सुसंगत करणं. त्यासाठी ते डिस्कवर लिहितं आणि ज्या नोंदी जुळत नाहीत त्या काढून टाकतं. मरायला टेकलेल्या डिस्कवर ते चालवलं की फोल्डर गायब होतात आणि त्यांच्या जागी ‘फाउंड.०००’ नावाच्या फोल्डरात नावं नसलेले तुकडे सापडतात. शिवाय खराब सेक्टर शोधायचा पर्याय अख्खी डिस्क घासून वाचतो, म्हणजे उरलेलं आयुष्य तपासणीतच संपतं. आमच्या मते या एका सल्ल्यानं जितका डेटा जातो तितका डिस्क पडल्यानंही जात नसेल. डेटा दुसरीकडं सुखरूप पोचल्यावर खुशाल चालवा.

६. डिस्क उघडते, फक्त खूप स्लो आहे. सरळ कॉपी-पेस्ट केलं तर चालेल?

थोडा आणि नेमका डेटा हवा असेल तर चालेल. मात्र सगळं सिलेक्ट करून पेस्ट करू नका. आधी कागदावर क्रम लावा: जे पुन्हा मिळणारच नाही ते पहिलं. सिनेमे आणि सॉफ्टवेअरचे सेटअप राहू द्या. फोल्डरचा व्ह्यू ‘डिटेल्स’ ठेवा, नाहीतर प्रत्येक फोटोचं छोटं चित्र बनवायला विंडोज डिस्कला उगीच राबवतं. अँटिव्हायरसचं स्कॅन थांबवा.

रोबोकॉपी (विंडोजमधला कॉपीचा आदेश) वापरणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. एखादी फाइल वाचता आली नाही तर ते मुळात १० लाख वेळा, दर वेळी ३० सेकंद थांबून, पुन्हा प्रयत्न करतं. तो आकडा शून्य केल्याशिवाय सुरू करू नका.

दोन-तीन फाइलींवर अडकली की कॉपीचा नाद सोडा आणि प्रश्न ७ कडे या.

७. सगळे म्हणतात ‘आधी इमेज करा’. इमेज म्हणजे काय आणि घरी कशी करायची?

इमेज म्हणजे डिस्कची पहिल्या सेक्टरपासून शेवटच्या सेक्टरपर्यंतची नक्कल, एका मोठ्या फाइलीत किंवा थेट दुसऱ्या डिस्कवर. आजारी डिस्क एकदाच वाचायची आणि पुढचे सगळे प्रयोग नकलेवर करायचे, एवढाच त्यातला विचार. रिकव्हरी सॉफ्टवेअर थेट आजारी डिस्कवर चालवलं तर ते तीच जागा परत परत वाचत बसतं.

यासाठी सगळ्यात भरवशाचं साधन जीएनयू डीडीरेस्क्यू. फुकट आहे, लिनक्सवर चालतं. कॉम्प्युटरमध्ये लिनक्स टाकायची गरज नाही. सिस्टमरेस्क्यू नावाची लिनक्स पेनड्राइव्हवर घेऊन त्यावरून मशीन सुरू करा, डीडीरेस्क्यू त्यात असतंच. नक्कल ठेवायला दुसरी चांगली डिस्क लागेल आणि तिच्यात जुन्या डिस्कच्या पूर्ण क्षमतेपेक्षा जास्त जागा मोकळी हवी. १ टीबीच्या डिस्कवर तुमचा डेटा २०० जीबीच असला तरी इमेज १ टीबीची होते. ही दुसरी डिस्क एफएटी३२ (एक जुनी फाइल सिस्टम) नको, कारण तिथं ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही.

आता सगळ्यात धोक्याची पायरी: कुठली डिस्क ‘पासून’ आणि कुठली ‘पर्यंत’. उलट झालं तर रिकाम्या डिस्कची नक्कल तुमच्या डेटावर चढते. साइज आणि मॉडेल नंबर स्क्रीनवर बघा, डिस्कच्या स्टिकरशी ताडा, आणि शक्यतो घरातल्या दुसऱ्या माणसाला मोठ्यानं वाचून दाखवा.

पहिली फेरी ‘एन’ हा पर्याय लावून करा. यात डीडीरेस्क्यू सहज वाचता येणारे भाग आधी उचलतं, अडलं की पुढं उडी मारतं, आणि खराब भाग खरवडायचं काम मागं ठेवतं. पहिली फेरी संपल्यावरच खरवडणं आणि ‘आर ३’ म्हणजे तीनदा पुन्हा प्रयत्न. मॅप फाइल द्यायला विसरू नका. कुठला भाग आला आणि कुठला राहिला याची नोंद त्या साध्या मजकुराच्या फाइलीत राहते. लाईट गेली, डिस्क गायब झाली, तरी तोच आदेश पुन्हा दिला की काम थांबलं होतं तिथून सुरू होतं. आपल्याकडं उन्हाळ्यात लाईटचा भरवसा नसतो, तेव्हा लॅपटॉपवर करा किंवा यूपीएस लावा.

चालू असताना स्क्रीनवर तीन ठिकाणी लक्ष ठेवा: किती टक्के आलं, सध्याचा वेग, आणि शेवटचं यशस्वी वाचन होऊन किती वेळ झाला. सेकंदाला १०० एमबी वेग असेल तर १ टीबीला पावणेतीन तास लागतात. तोच वेग १ एमबीवर आला तर साडेअकरा दिवस. वेग पडला म्हणून घाबरू नका, पण शेवटचं वाचन होऊन अर्धा तास उलटला असेल तर थांबवा, डिस्क गार होऊ द्या, मग पुन्हा सुरू करा. टक-टक सुरू झाली तर मात्र तिथंच बंद.

एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा चाळीसच्या वर असताना दुपारी हे काम काढू नका. रात्री करा, डिस्क फरशीवर ठेवून समोर टेबल फॅन लावा. बर्फ, ओलं फडकं वगैरे काही नको.

९९.९ टक्के आलं म्हणजे १ टीबीतला सुमारे १ जीबी राहिला. तो रिकाम्या जागेतला असेल तर काहीच गेलं नाही. नेमका फाइलींच्या यादीचा भाग असेल तर काम वाढतं, ते कसं ते पुढच्या उत्तरात.

८. इमेज झाली. आता त्यातून फाइली कशा काढायच्या?

फाइल सिस्टम फारशी बिघडलेली नसेल तर इमेज सरळ उघडते आणि फोल्डर जसेच्या तसे दिसतात. नाही उघडली तर टेस्टडिस्क या सॉफ्टवेअरनं हरवलेलं पार्टिशन (डिस्कचा विभाग) शोधा, किंवा डीएमडीई हे रिकव्हरी सॉफ्टवेअर वापरा. डीएमडीईची फुकट आवृत्ती एका वेळी एका फोल्डरमधल्या ४००० फाइलींपर्यंत काढून देते. घरगुती कामाला तेवढी बहुधा पुरते.

शेवटचा पर्याय फोटोरेक. ते फाइल सिस्टमकडं बघतच नाही, फाइलीच्या आतल्या खुणांवरून फाइल ओळखतं. त्यामुळं फोटो मिळतात पण नावं आणि फोल्डर जातात, आणि हजारो फाइली आकड्यांच्या नावानं समोर येतात. शिवाय जो प्रकार त्याला माहीत नाही तो त्याला सापडत नाही. चादर-टॉवेलच्या कारखानदारांनी हे खास लक्षात घ्यावं: जेकार्डच्या डिझाइन सॉफ्टवेअरची फाइल स्वतःच्याच वेगळ्या प्रकारात असेल तर फोटोरेकला ती दिसायची नाही. तिथं नाव-फोल्डरसह रिकव्हरी व्हावी म्हणूनच झटायला लागतं.

मिळालेल्या फाइली तिसऱ्याच ठिकाणी साठवा. जिच्यातून काढताय त्या डिस्कवर कधीच नाही.

९. चुकून फॉरमॅट मारलं किंवा फाइली डिलीट झाल्या, डिस्क मात्र चांगली आहे. मिळतील?

क्विक फॉरमॅट असेल तर बरीच आशा आहे. पुस्तकाची अनुक्रमणिका फाडली, पानं तशीच आहेत, अशी ती अवस्था असते. फक्त त्यानंतर डिस्कवर काही लिहिलेलं नसावं. क्विकची खूण काढून पूर्ण फॉरमॅट केलं असेल तर गेलं. विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट सगळीकडं शून्य लिहितं.

एक अपवाद: अलीकडच्या काही पोर्टेबल डिस्क एसएमआर पद्धतीच्या (डेटाच्या ओळी एकमेकींवर थोड्या चढवून लिहिणाऱ्या) असतात आणि त्यातल्या काही एसएसडीसारखा (चकती नसलेल्या, चिपवरच्या डिस्कसारखा) ‘ट्रिम’ आदेश, म्हणजे डिलीट झालेली जागा रिकामी धरायचा आदेश, पाळतात. तिथं क्विक फॉरमॅटनंतरही सॉफ्टवेअरला नुसती शून्यं दिसू शकतात. अशी डिस्क लगेच बंद करून लॅबला दाखवा.

१०. टेबलावरून पडली. वरून काहीच झालेलं दिसत नाही. लावून बघू का?

बंद असताना पडली असेल तर नशीब बरं, कारण आजच्या पोर्टेबल डिस्कमध्ये हेड बंद असताना चकतीच्या बाहेर रॅम्पवर टेकलेलं असतं. चालू असताना पडली असेल तर लावू नका. दोन्ही वेळी डेटा महत्त्वाचा असेल आणि दुसरीकडं नसेल, तर ‘बघू तरी’ हा मोह टाळलेला बरा.

११. पावसात, पुराच्या पाण्यात भिजली तर?

लावू नका, ड्रायर मारू नका, तांदळात पुरू नका. बहुतेक डिस्कला हवेसाठी बारीक छिद्र असतं, त्यातून पाणी आत जातं. सीना नदीच्या पुराचं पाणी गाळाचं. ते चकतीवर वाळलं की थर धरून बसतं. ओलसर असतानाच घट्ट पिशवीत बंद करून लॅबला पोचवा.

१२. फ्रीजरमध्ये ठेवली की चालते, असं व्हिडिओत दाखवतात. आणि झाकण उघडून हेड हातानं सरकवलं तर?

दोन्ही नको. थंड डिस्क आपल्या हवेत बाहेर काढली की तिच्यावर पाणी धरतं, चकतीवरसुद्धा. झाकणाचं म्हणाल तर हेड आणि चकती यांच्यातलं अंतर काही नॅनोमीटरचं असतं. आपल्या गल्लीतला धुळीचा एक कण त्याच्या कितीतरी पट मोठा. व्हिडिओत चालते ती डिस्क बहुतेक वेळा रिकामी असते.

१३. केसिंग फोडून आतली डिस्क सरळ सॅटाला लावली तर? किंवा त्याच मॉडेलचं सर्किट बसवलं तर?

सॅटा म्हणजे कॉम्प्युटरच्या आत डिस्क थेट जोडायची जोडणी. केसिंगचं उत्तर डिस्कवर अवलंबून आहे. अनेक सीगेट पोर्टेबलमध्ये आत साधी सॅटा डिस्क असते, यूएसबीची छोटी पट्टी खराब झाली असेल तर ही युक्ती चालते. वेस्टर्न डिजिटलच्या बऱ्याच माय पासपोर्टमध्ये मात्र यूएसबीचं सॉकेट डिस्कच्या सर्किटवरच असतं, सॅटा नसतोच. शिवाय त्यातल्या अनेकांत पासवर्ड ठेवलेला नसला तरी डेटा एन्क्रिप्ट होऊन लिहिला जातो. त्या सर्किटशिवाय सेक्टर वाचले तरी हाती कचराच येतो.

सर्किट बदलणं पूर्वी चालायचं. आताच्या डिस्कमध्ये त्या एकाच डिस्कच्या हेडची मोजमापं सर्किटवरच्या रॉम चिपमध्ये असतात, म्हणून जुनी चिप उतरवून नव्या सर्किटवर चढवायला लागते. जुनं सर्किट फेकू नका, हे महत्त्वाचं.

टेबलावरच्या मोठ्या १२ व्होल्टच्या डिस्कला लॅपटॉपचा १९ व्होल्टचा ॲडाप्टर लावला, हा किस्साही नेहमीचा. तिथं संरक्षणासाठी बसवलेला टीव्हीएस डायोड जळून बाकीचं वाचवतो. मुकाट्यानं बंद पडलेली, पण आवाज-बिवाज काही नसलेली अशी डिस्क पुष्कळदा थोडक्यात सुटते.

१४. सोलापुरातच होईल की पुण्याला न्यायला लागेल? खर्च किती?

डिलीट, फॉरमॅट, रॉ, थोडे खराब सेक्टर, एवढं असेल तर इथंच होतं. हेड बदलायचं असेल तर तशाच मॉडेलची दुसरी डिस्क आणि धूळमुक्त जागा लागते. ती सोय असलेल्या पुण्या-मुंबईच्या लॅबला दाखवा. खर्च जीबीवर कमी आणि बिघाडाच्या प्रकारावर जास्त ठरतो, म्हणून फोनवर न बघता ठाम आकडा सांगणाऱ्यापासून सावध राहा.

दुकान कुठलंही असो, हे विचारा: आधी इमेज करता का? डिस्क इथं उघडणार का, उघडणार असाल तर कशात? डेटा मिळाला नाही तर पैसे किती? पैसे देण्याआधी मिळालेल्या फाइलींची यादी दाखवाल का? देण्यापूर्वी सिरीयल नंबरचा फोटो काढा आणि पावतीवर तो लिहून घ्या. कुणी टेबलावरच स्क्रू ड्रायव्हर काढला तर डिस्क परत घेऊन निघा.

शक्यतो हातानं न्या. सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला जाऊन काम सांगून यायला एक दिवस जातो, पण डिस्क आपटत नाही. कुरियरच असेल तर अँटिस्टॅटिक पिशवी, चारी बाजूंनी जाड फोम आणि टणक खोका. नुसती टॉवेलात गुंडाळून पाठवू नका, टॉवेल कितीही सोलापुरी असला तरी.

१५. वॉरंटीत आहे. कंपनी डेटा काढून देईल ना?

नेहमीची वॉरंटी डिस्कची असते, डेटाची नाही. बदली डिस्क रिकामी मिळते आणि जुनी परत येत नाही. डेटा हवा असेल तर आधी तो काढा; उघडलेल्या डिस्कची वॉरंटी राहणार की नाही हे लॅबला आधीच विचारून घ्या.

१६. एसएसडी आणि पेनड्राइव्हला हेच सगळं लागू आहे का?

थोडंच. आवाज नसतो, त्यामुळं इशाराही मिळत नाही. काल चालत होती, आज नाही. ट्रिम झालेला डिलीट डेटा बहुधा परत येत नाही. उलट बाजूनं, पडल्यानं फारसं बिघडत नाही.

१७. डिस्कला बिटलॉकर आहे. इमेजचा उपयोग होईल?

होईल, पण बिटलॉकर म्हणजे विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप, त्यामुळं ४८ आकडी रिकव्हरी की किंवा पासवर्ड हवा. की बऱ्याचदा मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सेव्ह असते, तिथं बघा. दोन्ही नसेल तर कुठल्याही लॅबला पैसे देऊ नका.

१८. लग्नाच्या व्हिडिओची फाइल मिळाली, साइज बरोबर आहे, पण चालंना.

एमपी४ मध्ये कुठली फ्रेम कुठं आहे याची नोंद बऱ्याच कॅमेऱ्यांत फाइलीच्या शेवटी लिहिली जाते. ती हरवली की २० जीबीची फाइलसुद्धा उघडत नाही. त्याच कॅमेऱ्यानं, त्याच सेटिंगवर काढलेली एक चांगली फाइल घ्या. अनट्रंकसारखं साधन तिच्या आधारानं ही नोंद पुन्हा बनवू शकतं. शूटिंगचे तुकडे विस्कळीत सापडले असतील तर मात्र जमत नाही. आणि मेमरी कार्ड अजून पुन्हा वापरलं नसेल तर आधी त्याच्यावर फोटोरेक चालवा. लग्नसराईत कार्ड दुसऱ्याच दिवशी नव्या ऑर्डरला जातं, म्हणून घाई करा.

१९. टॅलीचा डेटा परत आला, पण कंपनी उघडंना.

टॅलीची कंपनी म्हणजे आकड्याच्या नावाचं एक अख्खं फोल्डर. त्यातली एक फाइल अर्धवट आली तरी कंपनी अडते. त्यामुळं इथं सुट्या फाइली गोळा करून भागत नाही. आधी जुनी बॅकअप फाइल कुठं ईमेलला, सीएच्या ऑफिसात, जुन्या पेनड्राइव्हवर आहे का ते बघा. मार्चपर्यंतचा बॅकअप मिळाला तरी पुढच्या नोंदी बिलांवरून आणि जीएसटीच्या रिटर्नवरून पुन्हा भरता येतात.

२०. डेटा मिळाला. आता डिस्क फॉरमॅट करून वापरू का? नाहीतर विकू?

वापरू नका. खराब सेक्टर वाढायला लागलेली डिस्क फॉरमॅटनं सुधारत नाही. विकूही नका, घेणारा तुमचा डेटा काढू शकतो. मिळालेल्या फाइली महिनाभर उघडून-चालवून बघा, कारण एखादं फोल्डर राहून गेलं तर ते या डिस्कमधूनच मिळणार आहे. त्यानंतर चकतीला ड्रिलनं भोकं पाडून मगच भंगारात द्या. काही चकत्या काचेच्या असतात, तेव्हा डोळ्याला चष्मा लावा. नवी घ्याल तेव्हा दोन घ्या, आणि दुसरी वेगळ्या घरात ठेवा.